सही करू की नको?

‘माझ्या पाल्यास शाळेत पाठवण्यास माझी संमती आहे / नाही. (लागू नसेल ते खोडावे.)’

बस्स, एवढंच वाक्य. खाली पालकांची सही, तारीख आणि मोबाइल नंबर. नोव्हेंबर २०२० पासून पुढचं सव्वा वर्ष या एका कागदाने महाराष्ट्रातल्या घराघरांत जो धुमाकूळ घातला, तो होम लोनच्या फाइलीनेही कधी घातला नसेल. नवरा-बायकोत अबोला झाला, सासू-सुनेचं कधी नव्हे ते एकमत झालं आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून चांगली शिकलीसवरलेली माणसं तावातावाने ‘लेफ्ट’ झाली.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही तेव्हा सिंगल होतो, वर्क फ्रॉम होम होतो, बर्म्युडावर फॉर्मल शर्ट चढवून क्लायंट कॉल घेत होतो. खरंय. आपल्यासाठी शाळा म्हणजे टीम लीडच्या मागून येणारा आवाज. ‘टीचर, मे आय ड्रिंक वॉटर?’ असं मागे कुणीतरी ओरडायचं, टीम लीड ‘सॉरी गाइज’ म्हणून म्यूट व्हायचा आणि आपण चॅटवर एक स्मायली टाकायचो. विषय संपला.

पण दिवस बदललेत, मंडळी! आमच्या ग्रुपमधल्या तिघींची पिल्लं यंदा नर्सरीत गेली. परवा कॉफी पिताना एकीने सहज विचारलं, ‘ए, पुन्हा तसलं काही आलं ना, तर पाठवाल का गं पोरांना शाळेत?’ टेबलावर सहा जणी, उत्तरं आठ! एकीने तर कॉफी थंड होईपर्यंत तीनदा मत बदललं.

म्हणून मी माझ्या २०२१ च्या डायऱ्या बाहेर काढल्या. मास कॉम करून मी तेव्हा नुकतीच फ्रीलान्सिंगला लागले होते. ‘शाळा सुरू कराव्यात का? पालक काय म्हणतात?’ हा विषय त्या वर्षी इतका चालला, की माझ्या स्कूटीचे निम्मे हप्ते त्यातूनच फिटले. छापायला दोनच कॉलम असायचे, एक ‘हो’वाल्यांचा आणि एक ‘नको’वाल्यांचा. डायरीत मात्र त्या दोन शब्दांच्या आजूबाजूला बरंच काही आहे, आणि खरी गंमत (आणि खरं दुखणं) तिथेच आहे.

आधी थोडी उजळणी

आपली मेमरी म्हणजे फोनच्या स्टोरेजसारखी, नको ते पटकन डिलीट करते. तेव्हा जरा टाइमटेबल बघू.

मार्च २०२० च्या मध्यावर शहरातल्या शाळा बंद झाल्या. सगळ्यांना वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मग ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही सरकारी मोहीम आली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, झूम आलं. २३ नोव्हेंबर २०२० ला राज्याने नववी ते बारावीला परवानगी दिली, पण शेवटचा शब्द स्थानिक प्रशासनावर सोडला. पुण्यात हे वर्ग भरले ४ जानेवारी २०२१ ला, पाचवी ते आठवीचे १ फेब्रुवारीला. तीन आठवड्यांत केसेस वाढल्या आणि पुन्हा कुलूप. मग आली दुसरी लाट. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू झाली. ऑगस्टमध्ये तर धमालच झाली. १७ तारखेपासून शाळा उघडणार म्हणून आदेश निघाला, टास्क फोर्सने हरकत घेतली आणि दोनच दिवसांत आदेशाला स्थगिती! पालकांनी युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून ठेवले होते, ते पुन्हा कपाटात गेले. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासूनचे वर्ग उघडले. पहिलीच्या मुलांना डिसेंबरची तारीख मिळाली, पुण्यात ती ओमायक्रॉनमुळे १६ डिसेंबरवर गेली. जानेवारी २०२२ लागताच पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून राज्यात आणि १ फेब्रुवारीला पुण्यात पुन्हा सुरू.

हुश्श! वाचून दम लागला ना? आता कल्पना करा, यातल्या प्रत्येक वळणावर एक संमतीपत्र. हजेरीची सक्ती नाही, पण पाठवायचं असेल तर सही हवी.

आणि एक साधा हिशेब. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलाने जूनपासून सुरू झालेलं पहिलं अख्खं वर्ष शाळेत काढलं ते थेट तिसरीत!

सहा आठवड्यांत यू-टर्न

माझी मावसबहीण हिंजवडीत आयटीत. भावजीही आयटीवाले. कोथरूडला फ्लॅट, सासू-सासरे सोबत. त्यांची लेक जून २०२० मध्ये पहिलीत गेली. ‘गेली’ म्हणजे डायनिंग टेबलाशी बसली. पोरगी बाराखडीच्या आधी म्यूट-अनम्यूट शिकली.

डिसेंबर २०२१ मध्ये शाळेने कागद पाठवला. ताईने ‘नाही’ केलं. मी म्हटलं, ‘अगं, लहान मुलांना फारसं काही होत नाही म्हणतायत.’

ताई म्हणाली, ‘तिला नाहीच होणार काही, मला ठाऊक आहे. ती घरी काय घेऊन येईल, त्याची भीती आहे. बाबांची बायपास झालीय.’

हे वाक्य मी डायरीत दोनदा अधोरेखित केलेलं आहे. कारण टीव्हीवर सगळी चर्चा ‘मुलं सुरक्षित आहेत का’ यावर चालली होती आणि ताईच्या घरात प्रश्न मुलीचा नव्हताच, आजोबांचा होता.

फेब्रुवारीत दुसरा कागद आला आणि ताईने बिनबोभाट ‘हो’ केलं. मधल्या सहा आठवड्यांत काय घडलं? तर जानेवारीत घरातल्या सगळ्यांनाच कोरोना होऊन गेला. कुणाकडून आला, देव जाणे. लेक तर घरातच होती! आजोबांचे दोन्ही डोस झाले होते, चार दिवस तापाचे काढून तेही बरे झाले. आणि त्याच दिवसांत ताईला एक दृश्य दिसलं. लेकीने बाहुल्या ओळीत मांडल्या होत्या आणि ती त्यांना विचारत होती, ‘कॅन यू हिअर मी? तुमचा आवाज येत नाहीये.’ शाळा-शाळा खेळणं म्हणजे तिच्या लेखी हे होतं.

‘मी बाथरूममध्ये जाऊन रडले,’ ताईने सांगितलं.

म्हणजे बघा, आई तीच, मूल तेच, शाळा तीच. सहा आठवड्यांत उत्तर उलटं. सर्व्हेवाल्यांनी डिसेंबरात गाठलं असतं तर ताई ‘नको’वाली, फेब्रुवारीत गाठलं असतं तर ‘हो’वाली. मग तिचं खरं मत कुठलं? दोन्ही!

धंद्याचं डोकं, बापाचं काळीज

आमच्या भागातले शाळेचे व्हॅनवाले काका. दोन व्हॅन, दोन्हींवर बँकेचं कर्ज. मार्च २०२० नंतर एक व्हॅन ताडपत्रीखाली गेली आणि दुसरीत त्यांनी भाजी विकायला घेतली. मागचं दार वर उचललेलं, सीट काढून क्रेट लावलेले, आणि बाजूला पिवळ्या पट्टीवर अजूनही ‘स्कूल व्हॅन’ लिहिलेलं. गिऱ्हाईक कोण, तर त्याच व्हॅनमधून जाणाऱ्या मुलांच्या आया.

शाळा सुरू व्हाव्यात म्हणून काकांइतका आग्रही माणूस अख्ख्या एरियात नव्हता. ‘ताई, तुम्ही पेपरात लिहा, मॉल चालू, हॉटेलं चालू, मग शाळांनी काय घोडं मारलंय?’ पॉइंट एकदम करेक्ट!

ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवीच्या पुढचे वर्ग उघडले. काकांची स्वतःची मुलगी नववीत. मी विचारलं, ‘मग काय काका, झाली का शाळा सुरू?’

काका कोथिंबिरीवर पाणी मारत राहिले. मग म्हणाले, ‘तिचं नाही सही केली अजून.’

एप्रिलमध्ये त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. अडतीस वर्षांचा. बेडसाठी काका त्याला त्याच व्हॅनमधून रात्रभर फिरवत होते.

‘लोकांची पोरं मी जपून नेईन, सॅनिटायझर मारीन, एका सीटवर एकच बसवीन. पण माझी पोर... राहू दे अजून महिनाभर.’

मी म्हटलं, ‘काका, पण तुम्हीच तर...’

‘धंद्याचं डोकं वेगळं असतंय ताई, आणि बापाचं काळीज वेगळं.’

तेव्हा टीव्हीवर ‘नको’ म्हणणाऱ्या पालकांची मस्त टर उडवली जायची. लग्नाला जातात, गोव्याला जातात, फक्त शाळा चालत नाही! असले दुटप्पी नमुने होते, नाही असं नाही. मलाही भेटले. पण प्रत्येक ‘नको’च्या मागे गोवा नव्हता. एखाद्या ‘नको’मागे एप्रिलमधली एक अख्खी रात्र होती, आणि ती ग्राफ दाखवून पुसता येत नव्हती.

तसं पुण्याला शाळा बंदचं नावीन्य नव्हतं. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला तो इथेच, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शहर हादरलं, शाळा काही दिवस बंद राहिल्या. मी तेव्हा सहावीत होते. शाळा पुन्हा भरली तेव्हा आईने रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून दिली. अख्खा वर्ग देवघरासारखा घमघमत होता! आईलाही भीती होतीच की. पण भीती वाटली आणि विरली, सगळं काही दिवसांत. २०२० मध्ये भीतीला घरात मुक्काम करायला दोन वर्षं मिळाली.

‘पोरगंच नको म्हणायला लागलं’

आता तिसरं घर. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी. मुलगा मार्च २०२० मध्ये सातवीत, मुलगी चौथीत, दोघंही महापालिकेच्या शाळेत. घरात स्मार्टफोन एक, तो नवऱ्याकडे. नवरा पेंटिंगच्या कामावर. सकाळी आठला फोन घराबाहेर, रात्री आठला परत. म्हणजे शाळेने दिवसभर पाठवलेला अभ्यास पोरांच्या हातात पडायचा रात्री, तोवर दिवसाचा डेटा उडालेला. शाळेच्या बाई खरंच चांगल्या, वस्तीत येऊन कागद देऊन जायच्या. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळही मिळाली. पण शाळेत खिचडी शिजून मिळायची. इथे शिजवायला मावशी घरी कुठे? त्या आमच्याकडे.

मावशींचं मत पहिल्या दिवसापासून ‘हो’ होतं. मुलीसाठी तर जास्तच. ‘दिवसभर एकटी असते हो ती खोलीत. मी पोळ्या लाटते इथं, आणि जीव तिकडं. शाळेत बाई असतात, दार असतं, गेट असतं.’

ऐकलंत? ताईसाठी घर म्हणजे सुरक्षित आणि शाळा म्हणजे धोका. मावशींसाठी नेमकं उलटं. त्याच शहरात, तीन किलोमीटरच्या अंतरावर, त्याच आठवड्यात. आणि आपल्या जागी दोघींचंही बरोबर!

मुलगा आठवीत होता, तेव्हा फेब्रुवारी २०२१ चे ते तीन आठवडे शाळेत जाऊन आला. खूश होता. मग पुन्हा कुलूप. घरात बसून काय करायचं म्हणून चौकातल्या टू-व्हीलर गॅरेजवर जायला लागला. आधी नुसता बघायचा, मग पाने आणून द्यायला लागला, मग मालक महिन्याला काहीबाही हातावर ठेवायला लागला. ऑक्टोबरमध्ये नववीचा वर्ग उघडला तेव्हा त्याला महिना सहा हजार मिळत होते आणि घराचं भाडं त्यातून जात होतं.

‘कागद आला, मी लगेच हो केलं,’ मावशी सांगत होत्या. ‘पण तवर पोरगंच नको म्हणायला लागलं.’

मुलगी गेली शाळेत. मुलगा नाही गेला. पटावर त्याचं नाव बरेच दिवस होतं.

आकडे काय बोलतात?

आता तुम्ही म्हणाल, तीन घरांवरून कसला निष्कर्ष काढतेस? बरोबर. म्हणून आकडेही बघू.

जुलै २०२१ मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पालकांना ऑनलाइन विचारलं, शाळेत पाठवायची तयारी आहे का? जवळपास सात लाख पालकांनी उत्तर दिलं आणि त्यातले ८१ टक्के ‘हो’ म्हणाले. म्हणजे ‘पालकच तयार नाहीत’ हे जे आपण सारखं ऐकत होतो, ते तितकंसं खरं नव्हतं. पण पुढे वाचा. राज्यातल्या शाळांमध्ये मुलं दोन कोटींच्या वर. सर्व्हे ऑनलाइन. उत्तर दिलेल्यांत गावातले आणि शहरातले पालक जवळपास निम्मे-निम्मे, पण ज्याच्या घरातला फोन रात्री आठला येतो तो पालक लिंक कधी उघडणार? आमच्या मावशींना ती लिंक आलीच नव्हती.

ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा वगैरे मंडळींच्या पुढाकाराने १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांमधल्या गरीब वस्त्यांत एक पाहणी झाली. सुमारे १४०० मुलं, आणि लिंक न पाठवता प्रत्यक्ष दारात जाऊन विचारलेलं. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं फक्त ८ टक्के. अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आणि शाळा उघडा म्हणणारे ग्रामीण पालक? ९७ टक्के! जिथे जाऊन विचारलं, तिथे उत्तर जवळपास एकमुखी होतं.

फोनचंही असंच. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत २०२१ मध्ये दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. वा! पण त्यातल्या चारपैकी एका मुलाच्या हाती तो कधीच पडत नव्हता.

आणि बिल किती आलं? ‘असर’च्याच २०२२ च्या पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०.५ टक्के निघाली. २०१८ मध्ये ती २७.३ टक्के होती. आधीच कुठे सुकाळ होता, त्यात हा तेरावा महिना.

मोठे आधी, चिमुकले शेवटी

अजून एक गोष्ट मला कायम खटकते. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या, त्या सगळ्यात लहान मुलांपासून. लहानांना आजाराचा धोका कमी, त्यांना स्क्रीनवर शिकता येत नाही आणि ती घरी असली की आईबापांना काम करता येत नाही. तिथेही हजारो पालक चिडले होते. ‘माझं मूल म्हणजे प्रयोगाचा ससा नाही’ म्हणून फेसबुकवर एकत्र आले होते. भीतीला पासपोर्ट लागत नाही!

आपल्याकडे उलटी रांग. दहावी-बारावी आधी, कारण बोर्ड! पहिली-दुसरी सगळ्यात शेवटी. ज्यांना एकट्याने पुस्तक वाचता येतं त्यांना आधी बाई मिळाल्या, आणि ज्यांना पेन्सिल धरायला शिकवायची होती ती दीड वर्षाहून जास्त स्क्रीनकडे बघत बसली. बरं, पालकांचं म्हणणं काय, तर ‘लस आली की पाठवू.’ लस आली १५ ते १८ वर्षांसाठी, ३ जानेवारी २०२२ ला. १२ ते १४ साठी १६ मार्चला. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी मोहिमेत ती कधी आलीच नाही. लसीची वाट बघत बसलेल्या पहिलीच्या पोराचं काय झालं असतं, करा विचार.

घोळ कशात होता?

तीन घरं, तीन उत्तरं, आणि कुणीच मूर्ख नव्हतं. मला वाटतं, घोळ त्या प्रश्नात होता. ‘पाठवणार की नाही?’ याचं उत्तर मुलाला बघून दिलं जातच नव्हतं, ते घराला बघून दिलं जात होतं. घरात खोल्या किती, फोन किती, म्हातारी माणसं किती, दिवसा घरी कोण असतं, आणि त्या वर्षी घरातलं कोण गेलं. विषाणूचा नंबर त्यानंतर.

कागदावर याला जागाच नव्हती. आणि पालकांना जे विचारायचं होतं त्यालाही नव्हती. शिक्षकांचं लसीकरण झालंय का? वर्गाच्या खिडक्या उघडतात का? एका बाकावर किती जण? एखादा मुलगा पॉझिटिव्ह निघाला तर पुढे काय? आम्ही पाठवलं नाही, तर ऑनलाइन चालू राहणार का? ताईने हे सगळे प्रश्न मीटिंगमध्ये विचारले. उत्तर मिळालं, ‘मॅडम, सक्ती नाहीये, तुम्ही ठरवा.’

‘तुम्ही ठरवा’ ऐकायला काय छान, लोकशाही वगैरे वाटतं. पण ठरवायला लागतं ते सगळं हातात नसताना ‘तुम्ही ठरवा’ म्हणजे उद्या काही झालं तर ‘सही तुमचीच आहे’. सगळ्यांनी मिळून सोडवायचा प्रश्न आईच्या गळ्यात मारून सगळे मोकळे. (आणि हो, सही बहुतेक घरांत आईनेच केली. भावजींनी ताईला सांगितलं होतं, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ छान!)

याच काळात वेगळं करून दाखवणारेही होते. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त केलं आणि जून २०२१ मध्येच, राज्याच्या परवानगीची तारीख यायच्या आधी, शाळा सुरू केली. तिथे आईला घरी कागद देऊन एकटीला ठरवायला सांगितलं नव्हतं. आधी गावाने मिळून रुग्ण शोधले, वेगळे ठेवले, बाहेरच्या ये-जा करण्यावर लक्ष ठेवलं, मग शाळा. असं काम दिसलं की ‘हो’ म्हणायला धीर लागत नाही. शहरात हिवरे बाजार कसं करायचं, हा प्रश्न आहेच. पण एका शाळेपुरतं, एका सोसायटीपुरतं, एका वस्तीपुरतं तर करता येईल?

आपल्या पिढीसाठी

आता आपली पाळी. पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण येईल तेव्हा सहीवाले पालक आपण असू. (नर्सरीच्या ग्रुपवर मेसेज टाकायला आपण आत्ताच पटाईत झालोयत!) तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवू या.

एक, ‘पाठवू का?’च्या आधी ‘तुम्ही काय केलंय?’ हे शाळेला विचारायचं. एकटीने नको, वर्गातल्या वीस आयांनी आणि वीस बाबांनी मिळून. बाबांनीसुद्धा!

दोन, दुसऱ्या घराच्या उत्तराला हसायचं नाही. घाबरट किंवा बेफिकीर असं लेबल लावायच्या आधी त्या घरात त्या वर्षी काय झालं ते विचारायचं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आपला आवाज मोठा आहे. आपल्याकडे वायफाय आहे, इंग्रजी आहे, ट्विट करायची खाज आहे. आपण ‘नको’ म्हटलं की ते टीव्हीवर ‘पालकांचा विरोध’ म्हणून जातं. ते म्हणताना, ज्यांना लिंक येत नाही त्यांचं काय म्हणणं आहे, हेही माहीत करून घ्यायचं. फार लांब जावं लागत नाही, त्या आपल्याच ओट्याशी पोळ्या लाटत असतात.

जाता जाता सांगते. व्हॅनवाल्या काकांच्या दोन्ही व्हॅन पुन्हा पोरांनी भरून जातात, मुलीला त्यांनी दिवाळीनंतर पाठवलं होतं. ताईच्या लेकीला आता शाळेचा कंटाळा येतो, म्हणजे सगळं नॉर्मल आहे. आणि मावशींचा मुलगा? पक्का मेकॅनिक झालाय, माझी स्कूटी तोच बघतो. गेल्या महिन्यात ऑइल बदलताना मान वर न करता म्हणाला, ‘ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते ना बाहेरून?’ मी म्हटलं, येते की. तर म्हणाला, ‘बाकीचं जमेल. गणित कुणी शिकवेल का? पण साडेआठनंतर. गॅरेज बंद झाल्यावर.’

या पानाच्या वाचकांत इंजिनिअर कमी आहेत का? रविवारच्या वेब सिरीजमधून दोन तास निघत असतील तर बघा. माझ्या ओळखीच्या या एका मुलासाठी मी कुणीतरी शोधलंय. पण तुमच्याकडे येणाऱ्या मावशींच्या घरीही त्या दोन वर्षांत असाच कुणीतरी सुटलेला असेल. एकदा विचारा तरी.